व्यासपीठाची किंमत

२४ सप्टेंबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इराणचे तत्कालीन अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांचे भाषण झाले. ज्यूंच्या वंशसंहाराविषयी जाहीरपणे शंका घेणाऱ्या माणसाला विद्यापीठाने का बोलवावे, हा प्रश्न रास्त होता. पण काही लोकप्रतिनिधी तेवढ्यावर थांबले नाहीत. या विद्यापीठाचा सरकारी पैसा बंद करा, असे ते म्हणू लागले. ज्या संस्थेच्या गंगाजळीत अब्जावधी डॉलर आहेत, तिला करदात्याने पोसावे कशाला, आणि वर तिने असले पाहुणे बोलवावेत?

युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. तसा तो वाटतो, कारण त्यात दोन स्वतंत्र प्रश्नांची गाठ मारलेली आहे.

श्रीमंत खासगी विद्यापीठांना सार्वजनिक पैसा व करसवलती किती द्याव्यात, हा पहिला प्रश्न. तो न्यायाचा आहे आणि निर्भीडपणे विचारलाच पाहिजे. अमेरिकेने २०१७मध्ये अशा मोजक्या धनाढ्य विद्यापीठांच्या गुंतवणूक-उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. २०२५च्या कायद्याने त्याची कमाल मर्यादा ८ टक्क्यांवर नेली. या करामागच्या हेतूंविषयी वाद घालता येईल. परंतु निदान कायद्याचा निकष संपत्ती हा आहे. व्यासपीठावर कोण उभे राहिले, हा दुसरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर तिजोरीच्या किल्लीने देता येत नाही. विद्यापीठ गरीब असते, तर अहमदीनेजाद यांचे भाषण क्षम्य ठरले असते काय?

शिवाय सरकारकडून येणारा हा पैसा बहुतांशी खैरात नसतो. ठरलेल्या संशोधनासाठी दिलेले ते अनुदान असते. ते तोडले की घाव यजमानावर पडत नाही, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यावर पडतो. मार्च २०२५मध्ये ट्रम्प प्रशासनाने याच कोलंबियाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे रद्द केली. आवारातील ज्यू विद्यार्थ्यांच्या छळाकडे विद्यापीठाने काणाडोळा केला, हा आरोप होता. आरोप गंभीर होता आणि त्याची रीतसर चौकशी व्हायलाच हवी होती. पण वैद्यकीय संशोधकांनी असा कोणता गुन्हा केला होता, की चौकशीचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांचे काम थांबावे?

विद्यापीठांचे गोडवे गाण्याचाही येथे हेतू नाही. जुलै २०२५मध्ये कोलंबियाने सरकारशी तडजोड केली आणि २२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. हार्वर्ड न्यायालयात गेले, आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्याच्या अनुदानाची गोठवणूक बेकायदा ठरवली. म्हणजे लढण्याचा मार्ग उपलब्ध होता. संपत्तीने स्वातंत्र्य विकत घेता येते, हा समज कोलंबियाने स्वतःच खोटा ठरवला.

सरकार मध्ये नसतानाही कोलंबिया वाकलेले आहेच. ऑक्टोबर १९१७मध्ये तिच्या विश्वस्तांनी दोन प्राध्यापकांना युद्धविषयक मतांसाठी काढून टाकले. त्यांतले एक, हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो डाना, तौलनिक साहित्य शिकवत. कवी लाँगफेलोंचे ते नातू. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते; तरीही त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही, त्याच्यासाठी आपली खुर्ची सोडणे ही खरी कसोटी. साहित्याच्या वर्गात मतस्वातंत्र्यावर व्याख्याने देणाऱ्या आपल्यापैकी किती जण तिला उतरतील?

आणि हे सारे दूरच्या देशातले आहे असे वाटत असेल, तर एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्याच कोलंबियात १९१३मध्ये भीमराव आंबेडकर दाखल झाले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. म्हणजे रयतेच्या पैशावर. तीत अट होती: परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. सार्वजनिक पैशाला अटी असूच नयेत, असे कोणी म्हणत नाही. पण ती अट कामाची होती, मताची नव्हती. पुढे १९३६मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपदासाठी बोलावले, भाषणाचा मसुदा वाचला आणि फेरबदल सुचवले. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. अधिवेशन रद्द झाले. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले.

वादग्रस्त वक्ता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नेहमी आपल्याला नावडणारा माणूस येतो. अनुदान तोडण्याची कुऱ्हाड त्याच्यासाठीच राखून ठेवता येईल, अशी आपली भाबडी समजूत असते. पण १९३६च्या लाहोरमध्ये वादग्रस्त कोण होते, हे विसरून ती कुऱ्हाड कोणाच्याही हाती देऊ नये.