महिला कबड्डी : वारसा पुरेल कुठवर?

नोव्हेंबर 2025 मध्ये ढाका येथे झालेल्या महिलांच्या विश्वचषक कबड्डी स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात चिनी तैपेईवर 35-28 अशी मात करून विजेतेपद राखले. 2012 साली पाटण्यात झालेली पहिली विश्वचषक स्पर्धाही भारतानेच जिंकली होती. या यशाचे कौतुक झाले ते योग्यच. तथापि, केवळ पदके मोजून एखाद्या खेळाची प्रकृती कळत नाही. त्यासाठी विजय किती गुणांनी मिळाला, हेही पाहावे लागते.

आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीला 1990 मध्ये प्रवेश मिळाला. महिलांना मात्र आणखी 20 वर्षे थांबावे लागले. 2010 मध्ये ग्वांगझोऊ येथे भारताने थायलंडला 28-14 असे, तर 2014 मध्ये इंचॉन येथे इराणला 31-21 असे नमविले. 2018 मध्ये जकार्ता येथे इराणने भारताला 27-24 असे हरवून सुवर्णपदक हिरावून घेतले. 2023 मध्ये हांगझोऊ येथे ते परत मिळाले, पण चिनी तैपेईविरुद्ध अवघ्या एका गुणाने, 26-25 असे. त्याच संघाशी झालेला साखळी सामना तर 34-34 असा बरोबरीत सुटला होता. म्हणजे चार अंतिम सामन्यांतील अंतर अनुक्रमे 14, 10, उणे 3 आणि 1 असे आहे. 2025 मध्ये तेहरानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आणि ढाक्यात ते प्रत्येकी 7 गुणांचे झाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु एक लोण आणि काही यशस्वी चढाया एवढ्यानेही सात गुण भरून निघतात, हे विसरता येत नाही.

हे असे का घडले? अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या खेळात भारताची दीर्घकाळ मक्तेदारी होती, आणि मक्तेदाराला नव्या गुंतवणुकीची निकड क्वचितच भासते. आर्वीला जवळ असलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगापुढे मांडला. हुतूतूचे हे वैभव आपल्याला वारशाने मिळाले. इतर देशांना ते कष्टाने कमवावे लागले. 2018 च्या विजेत्या इराणी संघाच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी इराणी मुलींना खेळाच्या तंत्राबरोबर योगाभ्यासाचीही जोड दिली. ज्ञान महाराष्ट्राचे होते. त्याचा पद्धतशीर उपयोग इराणने करून घेतला. यात जैन यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्ञानाला सीमा नसतात. प्रश्न आपल्या उदासीनतेचा आहे.

या उदासीनतेची किंमत आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी दिसते. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात; तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी शिडी असते. मुलगी मातीच्या मैदानावर खेळू लागते. आंतरराष्ट्रीय सामना मात्र मॅटवर, बूट घालून खेळला जातो. पदन्यास वेगळा, घसरण वेगळी, पकडीचे तंत्रही वेगळे. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळाली की पुष्कळ घरांत खेळाचा हिशेब मिटतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्याचा लाभ वरच्या पायरीवरील यशालाच मिळतो. ती पायरी गाठेपर्यंतची पाच-सहा वर्षे आहार, प्रवास आणि सरावाचा खर्च कोणी सोसायचा? कपाशी आणि सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या कुटुंबाने मुलीचा खेळ थांबविला, तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. तो मिळकतीचा विचार करून घेतलेला निर्णय असतो.

2012 च्या विश्वविजयानंतर महाराष्ट्र शासनाने सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. हा सन्मान उचितच होता. परंतु बक्षीस पिकलेल्या फळाला मिळते. रोपाला पाणी मिळतेच असे नाही. याउलट उदाहरण हिमाचल प्रदेशाचे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख, तर हिमाचलची जेमतेम 69 लाख. तरीही 2023 च्या सुवर्णविजेत्या संघात हिमाचलच्या पाच जणी होत्या. महाराष्ट्राच्या दोन, स्नेहल शिंदे आणि सोनाली शिंगटे. धरमशाळा आणि बिलासपूर येथील निवासी प्रशिक्षणाची सोय लक्षात घेतली, तर या तफावतीचे नवल वाटू नये.

बाजारपेठेनेही हाच भेदभाव चालू ठेवला. पुरुषांची प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली आणि तिने खेळाडूंना उत्पन्नाचे साधन दिले. 2016 मध्ये तिच्या जोडीला तीन महिला संघांची स्पर्धा घेण्यात आली. पुढील हंगामात ती दिसली नाही. प्रेक्षक नाहीत म्हणून स्पर्धा नाही आणि स्पर्धा नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. नव्या उद्योगाला आरंभीच्या काळात संरक्षण द्यावे, हे तत्त्व कारखान्यांना लावणाऱ्या देशाने ते येथेही लावावयास हवे.

त्यासाठी अफाट निधी लागतो असे नाही. क्रीडा प्रबोधिनींची चौकट राज्यात आहेच. तीत प्रत्येक विभागात मुलींच्या कबड्डीला हक्काचे स्थान, तालुका पातळीवर एक सामाईक मॅट, आणि पायरी चढत असतानाच मिळणारी शिष्यवृत्ती एवढी सुरुवात शक्य आहे. इराण व चिनी तैपेई यांनी अंतर कसे कापले, हे गुणफलकांनी दाखविले आहे. वारसा हे भांडवल आहे. त्यात भर न घालता केवळ खर्च करीत राहिले, तर ते संपते. हा नियम घराला, पेढीला आणि खेळालाही सारखाच लागू पडतो.