न्हाणीघरातील क्लोरीन

गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध होऊन नाशिकच्या न्हाणीघरांत पोहोचते, तेव्हा पुष्कळदा त्याला एक उग्र दर्प असतो, आणि त्या दर्पाच्या पाठोपाठ एक तक्रारही येते. शॉवरखालच्या स्नानाने त्वचा कोरडी पडते, केस राठ होतात, गळतात, आणि ह्या साऱ्याचे मूळ महापालिकेच्या क्लोरीनमध्ये आहे, अशी ही तक्रार. शॉवरला बसवावयाच्या फिल्टरांचा बाजार ह्याच समजुतीवर उभा आहे. तक्रार सर्वस्वी निराधार नाही. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे, कारण त्याचे परिणाम केसांपुरते मर्यादित राहत नाहीत.

क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूंच्या पेशीत शिरून त्यांचा नाश करते. त्याचा हाच गुण त्वचेवरील नैसर्गिक तेलावर व केसांतील केराटिन ह्या प्रथिनावरही काही अंशी चालतो. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. जलतरण तलावात हे प्रमाण सामान्यतः १ ते ३ मिलिग्रॅम असते आणि पोहणारा त्यात तास तास काढतो. केस राठ झाल्याचा ठळक अनुभव मुख्यतः तेथला आहे. दहा मिनिटांच्या स्नानाला तोच न्याय लावता येत नाही. इसब असलेल्या किंवा मुळात नाजूक त्वचेला मात्र नळाचे पाणीही जाचू शकते, हे मान्य केले पाहिजे.

मग इतरांच्या तक्रारीचे कारण कोणते? नाशिकची थंडी कोरडी असते. मार्गशीर्ष-पौषात कढत पाणी आणि तीव्र साबण ह्यांनी त्वचेवरचे तेल जितके धुऊन जाते, तितके क्लोरीनने जात नाही. शिवाय नळ अपुरा पडतो तेथे कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी गच्चीवरच्या त्याच टाकीत येऊन मिसळते. काळ्या खडकातून आलेले हे पाणी दुष्फेन, बोलीत सांगावयाचे तर ‘जड’, असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट साका केसांवर बसतो. बादलीच्या कडेवर साचणारा पांढरा थर क्षारांचा असतो, क्लोरीनचा नव्हे. क्लोरीन टाकीत साठून राहिला म्हणजे उलट कमीच होतो.

येथेच बाजाराचा दोष दिसून येतो. जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या व्यवहारावरून दाखवून दिले की, विक्रेत्यास जे ठाऊक असते ते ग्राहकास ठाऊक नसेल तर बाजार बिघडतो. शॉवरच्या फिल्टरातील कोळसा क्लोरीन काही काळ शोषून घेतो, पण पाण्याचा जडपणा घालवू शकत नाही, ही गोष्ट घेणाऱ्यास क्वचितच कळते. जडपणा घालविणाऱ्या महागड्या यंत्रांचीही ग्वाही देता येत नाही. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले; अशा यंत्राने इसबाला अधिक उतार पडल्याचे त्यात आढळले नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. क्लोरीनचा लाभ सामुदायिक आहे आणि त्याचा त्रास वैयक्तिक. जो लाभ दिसत नाही त्याचे मोल कळत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तपासाचा रोख पाण्याकडेच वळला. दर बारा वर्षांनी सिंहस्थाची अफाट गर्दी अंगावर घेणाऱ्या शहराने तर हे विसरताच कामा नये. ‘क्लोरीन कमी करा’ अशी ओरड सधन वस्त्यांतून उठली आणि ती मानली गेली, तर त्याची किंमत वाहिनीच्या अगदी टोकाला राहणाऱ्या, फिल्टर न परवडणाऱ्या कुटुंबांना मोजावी लागेल.

म्हणून मागणी क्लोरीन कमी करण्याची नव्हे, तो समप्रमाणात देण्याची हवी. टोकाच्या नळापर्यंत पुरावा म्हणून शुद्धीकरण केंद्रावरच मात्रा वाढविली की जवळच्या घरांना तो जास्त मिळतो व दूरच्यांना अपुरा. वाटेतील जलकुंभांवर थोडथोडी मात्रा देणे हा त्यावरचा अभियांत्रिकी उपाय आहे. तो उग्र दर्पही पुष्कळदा क्लोरीनच्या आधिक्याचा नसतो. पाण्यातील अमोनियाशी व सेंद्रिय मळाशी त्याचा संयोग झाल्याचा असतो. तेव्हा त्र्यंबकेश्वरापासून गंगापूरच्या जलाशयापर्यंत गोदावरीत सांडपाणी मिसळू न देणे, हाही न्हाणीघरातल्या तक्रारीवरचाच इलाज ठरतो.

वैयक्तिक पातळीवरचे उपाय स्वस्त आहेत: पाणी कोमट असावे, साबण सौम्य असावा, न्हाण्यापूर्वी केसांना खोबरेल तेल लावावे, त्वचारोग असेल त्याने वैद्यकीय सल्ला घ्यावा. उरलेले कर्तव्य महापालिकेचे आहे. खेड्यात पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकली की ओ.टी. चाचणी करतात, द्रावणाचे थेंब पडताच पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक असल्याचे उमगते. इतकी साधी तपासणी नाशिकच्या प्रत्येक प्रभागात, वाहिनीच्या आरंभी व टोकाला, नित्य व्हावी आणि तिचे आकडे दरमहा नागरिकांपुढे यावेत. पाणीपट्टी भरणाऱ्याला आपल्या नळात काय येते हे कळण्याचा हक्क आहे. तो हक्क मिळाला, तर फिल्टर घ्यावा की न घ्यावा हे तो भीतीपोटी नव्हे, माहितीच्या आधारे ठरवील.