ज्याचा ब्रेक, त्याचा पाना

या सत्रात हॉबी क्लबमध्ये आम्ही खडीच्या रस्त्यासाठी डिस्क ब्रेकची सायकल जोडली. ४० मिमी रुंद टायर, १६० मिमीच्या डिस्क आणि तारेने ओढले जाणारे ब्रेक. चिखलात रिमचे ब्रेक घसरतात, रिमही झिजते. डिस्क चाकाच्या मध्याशी असते, म्हणून ती चिखलापासून दूर राहते.

पण डिस्क बसवली की सायकल थांबतेच, हा माझा गैरसमज पहिल्याच उतारावर गेला. ब्रेक दाबूनही मी वळण सोडून थेट झुडपात! चूक माझीच. साखळीला तेल देताना ते डिस्कवर उडाले होते.

मग पॅड बदलले, डिस्क स्पिरिटने पुसली. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल केले आणि ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळले. मैदानावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक न अडवता ब्रेक दाबला, तेव्हा कुठे पकड आली.

म्हणून माझे मत आहे की, सायकल मोहिमेला जाणाऱ्या प्रत्येक कॅडेटने आपले ब्रेक स्वतः जुळवावेत. उस्तादांनी ते तपासावेत, पण पाना आपल्याच हातात असावा. वेळ नाही, असे मित्र म्हणतात. बुटांच्या चकाकीसाठी मात्र रोज वेळ मिळतो. ब्रेक चकाकत नाहीत, पण जीव त्यांच्यावरच असतो.