तिचं वर्ष पुरं होऊ द्या

आमच्या साताऱ्यातल्या मैत्रिणीची मुलगी सांगलीला चित्रकला शिकते. सुटीत आली की पिशवीतून लिनोलियमचे तुकडे, कोरण्या, शाईचा रोलर निघतो. "ठसेच करायचे तर एवढे पैसे कशाला? रांगोळीचे छाप बाजारात मिळतात की!" असं तिची आजी म्हणाली. मैत्रिणींनो, त्या ठशामागची मेहनत तरी बघा. आधी वहीत तेच रेखाटन दहा-पंधरा वेळा. मग ते उलटं उतरवायचं, कारण छापल्यावर डावं उजवीकडे जातं. जे पांढरं हवं तेवढंच कोरायचं, अन् एकदा कोरलेलं पुन्हा भरता येत नाही. घरी मशीन नसलं तरी अडत नाही. कागदावर चमच्याची पाठ घासली की छाप उठतो.

ही विद्या आपल्याकडे परकीही नाही. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली होती. कोरणारा होता एक तांबट!

एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुलींना आपण हौसेने बसवतो, कारण दहावीत वाढीव गुण मिळतात. पुढे तीच मुलगी चित्रकलाच शिकते म्हणाली की, "स्थळाला काय सांगायचं?" या घरीही सध्या तेच चाललंय. शेवटचं वर्ष राहिलंय आणि बघायला पाहुणे येऊ लागलेत. लग्न करूच नका असं कोण म्हणतंय? पण वर्ष पुरं होऊ द्या. अन् बोलणी होतील तेव्हा मानपान राहू दे बाजूला, सासरी तिला एक टेबल आणि खिडकीजवळची जागा मिळेल का, हे आधी विचारा.