फुकट द्यायची आहे? मग आधी हे वाचा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फेसबुकवर, जुना सोफा आणि चालू स्थितीतलं वॉशिंग मशीन यांच्या मधोमध आठवड्यातून एकदा तरी हा मजकूर येतोच. ‘अर्जंट. लॅब्राडोर, फिमेल, ३ वर्षं, सगळ्या लसी झालेल्या, अतिशय प्रेमळ. बदलीमुळे द्यायची आहे. फ्री टू गुड होम. रविवारपर्यंत न्यावी.’ खाली वीस-पंचवीस रडक्या इमोजी, दोन-चार ‘सो क्यूट’, आणि तीन ‘इंटरेस्टेड, मेसेज केलाय’.

मी पुण्यात गेली नऊ वर्षं कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं काम करते. संस्था वगैरे नाही. आम्ही पाच-सहा जणी आहोत, सगळ्या नोकरदार, आणि प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी ‘तात्पुरतं’ आलेलं कुत्रं कायमचं राहिलेलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, या जाहिरातीतला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीच्या माणसाला आवतण देतो.

‘अर्जंट’ म्हणजे मालक प्रश्न विचारणार नाही. ‘फिमेल, ३ वर्षं’ आणि ऑपरेशनचा उल्लेख नाही, म्हणजे पिल्लं काढता येतील. ‘फ्री’ म्हणजे भांडवल शून्य. जातिवंत पिल्लू हजारांत विकलं जातं आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात. तुमच्यासाठी हा भावनिक निरोप असेल, समोरच्यासाठी तो धंद्याचा हिशेब असतो. आणि असले लोक जाहिरातींवर डोळा ठेवूनच बसलेले असतात, त्यामुळे पहिला फोन बहुतेक वेळा त्यांचाच येतो. चांगल्या घरातली माणसं आधी घरात बोलतात, सासूबाईंना विचारतात, दोन दिवस घेतात.

दीड वर्षापूर्वी शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमधून आम्ही चार माद्या आणल्या. त्यातली एक लॅब. सड लोंबलेले, कोपरांवर घट्टे, अंगावरचे केस गेलेले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं आणि डाव्या कानाची फाटलेली कड बघून ते गप्पच झाले. तिला लहानपणापासून लसी त्यांनीच टोचल्या होत्या. जुन्या केसपेपरवरून मालकांचा नंबर मिळाला. ते तेव्हा दुसऱ्या शहरात होते. फोनवर रडले हो, खरंच रडले. पुन:पुन्हा एकच सांगत होते, ‘पण ती माणसं किती सभ्य होती! नवरा-बायको आले होते, सोबत छोटी मुलगी होती, तिने तर हिला मिठीच मारली.’

मिठी मारणारी मुलगी बघून कुत्री दिली. त्या घराचा पत्ता मात्र विचारला नव्हता. लॅबला परत नेता का, असं विचारल्यावर ‘इथे फ्लॅट लहान आहे’ हे उत्तर मिळालं.

कायदा नाही असंही नाही. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे नियम केंद्राने २०१७ मध्येच केलेत. पण शेडमध्ये बघायला जातंय कोण?

दुसरा लाडका पर्याय म्हणजे शेत. ‘मुळशीला मित्राचं फार्महाऊस आहे, मस्त मोकळं राहील.’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मोकळं कुणी ठेवत नाही. राखणीला म्हणून आणलेलं कुत्रं गेटजवळ साखळीला असतं, मालक शनिवार-रविवारी येतो, बाकीचे पाच दिवस वॉचमनच्या मर्जीवर. आयुष्यभर सोफ्यावर झोपलेल्या पगला किंवा गोल्डनला राखण कसली येणार? वर बिबट्या. अकोले भागात विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो अभ्यासाशिवायच सांगेल. तिथे रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट.

बरं, कुत्र्याला जास्त वेळ साखळीला बांधून फिरवायचं नाही, हाही गुन्हाच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तसं स्पष्ट म्हणतो. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हाही त्याच कायद्याने गुन्हा. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांत कटिंग चहा चार जणांचा धड होत नाही. २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवण्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडला, पण कलम अजून तेच आहे. म्हणून माझा भर कायद्यावर नाही. जो देतोय त्याच्यावर आहे, कारण ज्या दिवशी तो पट्टा दुसऱ्याच्या हातात देतो त्या दिवसापर्यंत सगळं त्याच्या हातात असतं.

आता कारणांकडे येऊ. काही कारणं खरी असतात. घरात एकट्या राहणाऱ्या आजी गेल्या, मालक स्वतः आजारी पडला, नोकरी गेली. अशा माणसांना मी कधीच बोल लावत नाही, उलट ती वेळेवर फोन करतात. पण बाकीची? ‘सोसायटी परवानगी देत नाही.’ सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. चेअरमनला त्याची प्रिंट द्या. ‘सून गरोदर आहे, ते टोक्सोप्लाझ्मा का काय असतं ना!’ असतं, मांजराच्या विष्ठेतून येतं. कुत्र्याचा बिचाऱ्याचा काय संबंध? ‘अमेरिकेला चाललोय.’ व्हिसाला सहा महिने लागले, त्या सहा महिन्यांत घरभाड्याचा करार, गाडीची विक्री, लोणच्याच्या बरण्यांचं पॅकिंग सगळं झालं, आणि कुत्र्याची आठवण फ्लाइटच्या आधीच्या आठवड्यात. कुत्रं तिकडे नेताही येतं. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेचे नियम कडक झालेत, मायक्रोचिप आणि रेबीजची कागदपत्रं लागतात, खर्च भरपूर आहे, पण रस्ता आहे. न्यायचं नसेल तर निदान सहा महिने आधी सांगा.

द्यायचंच असेल तर द्या, पण लग्न जमवताना करता तेवढी तरी चौकशी करा. सगळ्यात आधी नसबंदी. द्यायच्या आधी, स्वतःच्या खर्चाने. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव प्राण्याची लस, जंतांचं औषध आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी आहे. ऑपरेशन झालेली मादी म्हटलं की अर्धे ‘इंटरेस्टेड’ आपोआप गळतात. फोनवर ‘मग नको’ म्हणतात, कारणही सांगत नाहीत. हा एवढा एक शब्द जाहिरातीत घालून बघा.

मग घर बघायला जा. त्यांना तुमच्याकडे बोलावू नका, तुम्ही जा. बाल्कनीला जाळी आहे का, घरमालकाचं लेखी आहे का, आधी कुत्रं होतं का आणि त्याचं काय झालं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘पळून गेलं’ असं दोनदा झालेलं असेल तर चहा पिऊन निघा. त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, साधा करार करा, त्यात ‘जमलं नाही तर परत माझ्याकडेच द्यायचं’ हे वाक्य घाला. कोर्टात ते किती टिकेल हे जाऊ द्या. सही करताना कोणाचा हात अडखळतो ते दिसतं.

आणि पैसे घ्या. हो, घ्या. ‘आम्ही काय कुत्रं विकतोय का?’ असं लोक दुखावून विचारतात. नका ठेवू तुमच्याजवळ, नसबंदी करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्या. पण दोन-तीन हजार द्यायला जो का-कू करतो, तो पार्व्हो झाल्यावर सलाइनचे पैसे कुठून देणार? पैसे दिले म्हणजे माणूस चांगला असं अर्थात नाही. ब्रीडर पाच हजारही हसत टाकेल. म्हणून नसबंदी आधी, पैसे नंतर.

सोपवल्यावरही पहिले काही दिवस नाजूक असतात. नवं कुत्रं दार उघडं दिसलं की सुटतं आणि जुनं घर शोधत चालायला लागतं. हिंजवडीत दिलेलं कुत्रं कोथरूडचा रस्ता कसा शोधणार? पहिले काही आठवडे पट्ट्याशिवाय जिन्यातसुद्धा नेऊ नका, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच.

‘एवढ्या अटी घातल्या तर कुणी घेणारच नाही’ हा आक्षेप मला दर वेळी ऐकवला जातो. घेतात. वेळ लागतो, दोन महिने, कधी चार. आणि कुणीच नाही मिळालं तर? तर कुत्रं तुमचं आहे.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांवर आदेश दिले, मग बदलले, आणि अख्खा देश कुत्राप्रेमी विरुद्ध कुत्राद्वेष्टे असा भांडला. रस्त्यावर सोडलेल्या हस्कीचा आणि जर्मन शेफर्डचा विषय त्यात फारसा कुणी काढला नाही. महापालिका तुमच्या-माझ्या पैशांतून रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करत राहणार आणि आपण नसबंदी न केलेलं घरचं कुत्रं पानशेतच्या रस्त्यावर सोडून येणार, हा कुठला हिशेब?

सध्या माझ्या ओळखीत एक नऊ वर्षांचा बीगल आहे. मालक डिसेंबरात कॅनडाला जाणार आहेत, त्यांनी आत्ताच सांगितलं, याबद्दल त्यांना सलाम. नसबंदी झालेली आहे, दात थोडे खराब आहेत, फटाक्यांना घाबरतो, पेरू आवडतो. घरी लहान मूल चालेल, दिवसभर कुलूप असलेलं घर चालणार नाही. मेसेज करा. घर बघायला आम्ही दोघी येऊ आणि खूप प्रश्न विचारू. त्याचा राग येणार असेल तर कृपया मेसेज करू नका.