चीज स्टिक आणि मगरिबची अजान

रमजानमध्ये आमच्या घरची फर्माईश ठरलेली: अम्मी, आज चीज स्टिक! पदार्थाला माझी हरकत नाही, वेळेला आहे. ती गरमच खायची, म्हणून इफ्तारच्या तोंडावर तळायची. मग अजान होते तेव्हा सगळ्यांच्या हातात खजूर आणि घरच्या बाईच्या हातात झारा. रोजा तिचाही असतो.

खरं तर हे टाळता येतं. मोझरेलाच्या बोटभर पट्ट्या मैदा, फेटलेलं अंडं आणि ब्रेडचा चुरा यांत घोळवायच्या. अंडं आणि चुरा परत एकदा. दुसरा थर चुकवला की चीज फुटून तेलात पसरतं, माझी कढई साक्षीला आहे. रविवारी करून फ्रीजरमध्ये ठेवल्या की झालं. गोठलेल्या पट्ट्या चांगल्या तापलेल्या तेलात एक-दीड मिनिटात सोनेरी होतात.

एवढं काम मगरिबच्या नमाजनंतरही होतं. आमच्याकडे आता नववीतला मुलगा तळतो. पहिल्या दिवशी चार फुटल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोराला कढईपाशी काय उभं केलंस?" मी खजूर खात बसले होते. उठले नाही.