सिकलसेल : कोट्यवधींचा उपचार आणि साधी कॅप्सूल

हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते आणि गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या रक्तवाहिन्यांत अडकल्या की रुग्ण वेदनांनी तळमळतो. हाच सिकलसेल. आजाराचे मूळ रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवले होते. जनुक संपादनाच्या उपचाराला मंजुरी मिळायला मात्र २०२३ उजाडले.

नेमका उपचार काय?
रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून ‘क्रिस्पर’ तंत्राने त्यांतील एक जनुकीय ‘ब्रेक’ सैल केला जातो. मग जन्मानंतर जवळपास थांबलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होते. ‘कॅसजेवी’ या उपचाराची अमेरिकेतील किंमत आहे २२ लाख डॉलर!

आपल्याकडे काय?
विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्राने जुलै २०२३ मध्ये मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. पण हातात तपासणीचे कार्ड आले म्हणजे उपचार मिळाला, असे नव्हे.

हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषधही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढवते. त्याने आजार मुळापासून जात नाही. वेदनांचे झटके मात्र कमी होतात. स्वस्त देशी जनुकीय उपचारासाठी संशोधन व्हायलाच हवे. तोवर ही कॅप्सूल आणि तिच्यासोबतची नियमित रक्ततपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात विनाखंड मिळणे, हीच मोहिमेची खरी कसोटी आहे.